एकाच शेपटाच्या तीन ऊती

कोथिंबिरीच्या जुडीतला एक लांब देठ हलकेच वाकवला तर तो चटकन मोडत नाही. बोट काढले की पुन्हा सरळ होऊ पाहतो. त्याच्या अंगावर नखाला लागतील अशा बारीक उभ्या कडा आहेत आणि या लवचिकपणाचे कारण त्या कडांमध्ये, सालीलगतच्या पेशींत आहे.

या पेशीसमूहाला, म्हणजे ऊतीला, कोलेन्कायमा म्हणतात. पॅरेन्कायमा, कोलेन्कायमा आणि स्क्लेरेन्कायमा ही वनस्पतींच्या तीन ऊतींची नावे विद्यार्थ्यांच्या तोंडी सतत एकमेकांत मिसळतात, कारण तिन्हींचे शेपूट, ‘एन्कायमा’, एकच, आणि त्याचा ग्रीक अर्थ ‘आत ओतलेले’ असा आहे. म्हणून पाहायचे ते नावाच्या तोंडाकडे: ‘पॅरा’ म्हणजे बाजूला, ‘कोला’ म्हणजे सरस आणि ‘स्क्लेरोस’ म्हणजे कठीण. वाहिन्यांतून झिरपलेले रक्त बाजूला साकळते आणि त्यातून अवयवांचा गर बनतो, अशी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातील वैद्य एरासिस्ट्राटस याची समजूत होती. पॅरेन्कायमा हा शब्द त्या समजुतीतून आला आणि पुढे वनस्पतींनाही लागू झाला.

मराठी पाठ्यपुस्तकांत यांनाच अनुक्रमे मूल ऊती, स्थूलकोन ऊती आणि दृढ ऊती म्हटले आहे. त्यांपैकी ‘स्थूलकोन’ हा शब्द मला फार नेमका वाटतो. देठाचा पातळ आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की पेशींच्या भिंती कोपऱ्यांपाशी जाड झालेल्या दिसतात, आणि नाव तेच सांगते. ‘मूल’ या शब्दाशी मात्र जपून वागावे, कारण इथे त्याचा अर्थ पायाभूत असा आहे, झाडाचे मूळ असा नाही. बटाट्याचा स्टार्चने भरलेला गर हा पातळ भिंतींच्या, जिवंत अशा मूल ऊतीचाच असतो.

दृढ ऊती तर हाताला कळते. अंबाडीच्या काड्या पाण्यात भिजत घालून, साल सैल झाल्यावर जो वाख सोलून काढतात, त्याचे धागे म्हणजे जाड भिंतींच्या लांबट पेशींचे जुडगे होय. पूर्ण वाढ झाल्यावर या पेशी बहुधा मरतात, पण त्यांच्या भिंती टिकून राहतात, आणि वाखाचा दोर ओढ सोसतो तो त्या भिंतींच्या बळावर. पिकलेला पेरू खाताना बी नसलेल्या गरातही दाताखाली जी कचकच येते, तीसुद्धा दृढ ऊतीच आहे. फक्त तिथल्या पेशी लांब नसून आखूड, खड्यासारख्या असतात.