शेवळं, काकडं आणि पुरेशी आई

नमस्कार श्रोतेहो.

जूनचे पहिले दोन-तीन पाऊस पडले, की आमच्या पनवेलच्या बाजारात आदिवासी बायका शेवळांच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या एका रानभाजीच्या, जुड्या घेऊन बसतात. बाजूला काकडं या आंबट रानफळांचे छोटे छोटे वाटे. शेवळं मिळतात ती जेमतेम काही आठवडे. मी रानभाज्यांवर ब्लॉग लिहिते, त्यामुळे हे आठवडे म्हणजे माझी सुगी. त्यातून येणारे पैसे घरखर्चाला लागतात, म्हणून मी त्याला छंद म्हणत नाही, काम म्हणते. माझी लेक आता चार वर्षांची आहे. हे काम आणि ही लेक, दोन्ही एका घरात कशी नांदतात ते आज तुम्हाला सांगायचं आहे, आणि सुरुवात माझ्या एका चुकीपासून करते.

लेक तेव्हा आठ महिन्यांची होती. शेवळांच्या भाजीवर लिहायला घेतलं आणि तीन रात्री नुसत्या फोटोंत गेल्या. आधी पितळेचं ताट घेतलं, मग वाटलं मातीचं हवं. उजेड मनासारखा पडेना. शेवळं सुकली, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा जुडी आणली. लेक रात्री तीनतीनदा उठायची. तिला खांद्यावर टाकून मी एका हाताने फोटो निवडत होते. चौथ्या रात्री दीड वाजता घाईघाईत मजकूर लिहिला आणि प्रसिद्ध केला.

दोन दिवसांनी एका वाचक ताईंचा निरोप आला. भाजी खाऊन घरात सगळ्यांचे घसे खाजले होते.

शेवळं खाजरी असतात. वरची पानं सोलायची, आतला पिवळा भाग काढून टाकायचा आणि भाजीत काकडांचा रस घालायचा, म्हणजे खाज मरते. मी काकडांबद्दल लिहिलं होतं. पिवळ्या भागाचं वाक्य मात्र राहून गेलं होतं. ताटाचा रंग तीन वेळा बदलला, आणि ज्या एका ओळीवर वाचणाऱ्याचा घसा अवलंबून होता ती लिहिलीच नाही. त्या ताईंची मी माफी मागितली, लेख लगेच दुरुस्त केला. पण ती गोष्ट मनातून गेली नाही. सगळंच सारखं सुंदर करायला गेलं की आपलं लक्ष कुठे हवं होतं तेच हातून सुटतं, हे मला त्या दिवशी कळलं.

घरातही तेच चाललं होतं. दर महिन्याच्या तारखेला लेकीभोवती फुलांची आरास करून फोटो काढायचा. सहाव्या महिन्याचा फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात तिचे डोळे सुजलेले दिसतात. तिची झोपेची वेळ मी फोटोसाठी मोडली होती.

डोनाल्ड विनिकॉट हे इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक. १९४०च्या दशकात ते बीबीसी रेडिओवरून घरोघरच्या आयांशी बोलत, आज मी तुमच्याशी बोलतेय तसंच. ‘पुरेशी चांगली आई’ ही कल्पना त्यांची. त्यांचं म्हणणं असं, की सुरुवातीला आई बाळाच्या गरजेला जवळजवळ पूर्ण पुरी पडते. मग बाळ जसजसं सोसू शकतं, तसतशी ती हळूहळू थोडी कमी पडत जाते, आणि आई आपल्या मनासारखी दर वेळी वागत नाही, हे कळत कळतच ते जगाशी ओळख करून घेतं. हे वाचलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते. बाहेरच्या खोलीतून लेक हाक मारत होती. मी म्हटलं, “आले गं, कढईखालचा गॅस बंद करते आणि आले.” ती दोन मिनिटं थांबली. त्या दोन मिनिटांचं ओझं मला पहिल्यांदाच वाटलं नाही.

आता वेळेचं. २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा रोजचा वेळ भरला २९९ मिनिटं, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास, आणि ते बिनपगारी. मैत्रिणींनो, दिवस पुरत नाही याचा दोष स्वतःला लावण्याआधी हा आकडा आठवा. आमच्या घरी बुधवारी आणि शनिवारी रात्री लेकीचं जेवण आणि झोपवणं नवऱ्याकडे असतं. पहिले काही आठवडे मी मागून जाऊन तिचे कपडे बदलायचे, वेणी पुन्हा घालायचे. मग एकदा तोच म्हणाला, “तू पुन्हा करणार असशील, तर मी करतो कशाला?” बरोबर होतं त्याचं. आता वेणी वाकडी असली तरी मी हात लावत नाही. त्या दोन रात्री मी दार लावून लिहिते.

बाकीचे दिवस तुकड्यातुकड्यांनी लिहिणं होतं, आणि मला त्यात उणं वाटत नाही. आपल्या बायकांनी पहाटे जात्यावर दळताना ओव्या रचल्याच की. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हतं. त्या काम करता करता गाणी म्हणायच्या, आणि जवळच्यांनी ती कागदावर उतरवून घेतली म्हणून आज आपल्यापाशी आहेत. कामाला जुंपलेल्या हातांनी, शांत खोली नसताना हे सगळं घडलं. मी भाजी निवडताना फोनवर बोलून मजकूर उतरवते. लेक मध्ये बोलली तर तिचेही शब्द त्यात येतात, ते नंतर काढते. कधीकधी ठेवतेसुद्धा. टाकळ्याच्या पानांना ती ‘फुलपाखराची पानं’ म्हणाली होती, ते तसंच छापलं.

मी स्वतःशी एक गोष्ट ठरवली आहे. कुठली भाजी, कुठला भाग टाकायचा, काय घातल्याशिवाय शिजवायची नाही, एवढं मी सकाळी, डोकं ताजं असताना लिहिते आणि भाजी विकणाऱ्या मावशींना विचारून खात्री करते. तिथे सूट नाही. फोटो एकच, खिडकीपाशी, जो येईल तो. लेकीला ताप असेल त्या आठवड्यात लेख नाही. गेल्या वर्षी भारंगीचा हंगाम असाच हुकला. वाईट वाटलं, खरंच वाटलं, कारण ती वाट वर्षभर पाहावी लागते. पण त्या आठवड्यात मी तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि तिने माझं बोट धरून ठेवलं होतं.

या रविवारी शेवळं आणली. लेक जवळ येऊन बसली आणि पानं सोलू लागली. आतला पिवळा भाग दिसला तसं तिने विचारलं, “आई, हे टाकायचं ना?” मी हो म्हटलं. तिने तो उचलून वेगळ्या वाटीत ठेवला. या वर्षीच्या लेखात फोटो त्या वाटीचा आहे. थोडा हललेला आहे, पण पिवळा भाग स्पष्ट दिसतो.

नमस्कार.