चपला काढून उभे राहा: वजनाच्या शस्त्रक्रियेचा विमा

सोलापूर, सात रस्त्याजवळचा एक दवाखाना, सकाळचे साडेदहा. वजनकाट्यावर ९१ किलोचा आकडा स्थिरावतो आणि एक बाई उंची मोजून घेण्यासाठी भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात. "ताई, चपला काढा आधी," परिचारिका सांगते. चपलांसह उंची १६२ सेंटिमीटर भरली होती. अनवाणी ती १६० भरते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय मिळतो. तो पहिल्या मापाने ३४.७ येतो आणि दुसऱ्या मापाने ३५.५. डॉक्टरांच्या लेखी दोन्ही आकड्यांचा रुग्ण एकच आहे, परंतु विमा कंपनीच्या लेखी पहिला आकडा उंबरठ्याबाहेरचा आहे, कारण तिची अट ३५ पासून सुरू होते.

या बाई ४४ वर्षांच्या असून अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत, टॉवेलच्या एका कारखान्याचे हिशेब सांभाळतात. नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, गुडघे जिना चढू देत नाहीत आणि घोरण्याचा आवाज शेजारच्या खोलीपर्यंत जातो. जठराचा मोठा भाग काढून उरलेल्याची नळी करणारी स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी ही शस्त्रक्रिया त्यांना सुचवण्यात आली आहे. पगार २१,००० रुपयांच्या मर्यादेपेक्षा जास्त असल्याने कामगार विमा योजना लागू होत नाही, आणि कारखान्याचा सामूहिक आरोग्य विमा नाही. तो असता तर चौकशीची सुरुवात तिथूनच करायला हवी होती, कारण सामूहिक विम्यात प्रतीक्षा काळ, म्हणजे आधीपासूनच्या आजाराचा खर्च मिळण्यापूर्वी थांबावे लागणारे महिने, बहुधा माफ केलेला असतो.

लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया विम्यात बसतच नाही, असे आजही अनेक जण सांगतात. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०१९ मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या बाबींची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली आणि ऑक्टोबर २०२० पासून ती जुन्या पॉलिसींनाही लागू झाली. तिच्यातील सहावी बाब लठ्ठपणाची आहे. ती सांगते की वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळणार नाही; मात्र पुढील सर्व अटी पूर्ण होत असतील तर ही मनाई लागू होणार नाही. म्हणजे जे मिळू शकते ते शोधण्यासाठी 'काय मिळणार नाही' हे प्रकरण उघडावे लागते. विम्याचे कागद वाचण्याची सवय नसलेला माणूस नेमके तेच पान उलटून पुढे जातो.

अटी अशा आहेत. रुग्णाचे वय किमान १८ असावे, शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि मान्य वैद्यकीय पद्धतीनुसार व्हावी, आणि बीएमआय ४० किंवा अधिक असावा. तो ३५ ते ४० च्या दरम्यान असेल तर लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, तीव्र स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडखळण्याचा विकार) किंवा नियंत्रणात नसलेला टाइप २ मधुमेह यांपैकी एक तरी व्याधी असावी आणि वजन कमी करण्याचे साधे उपाय करूनही यश आलेले नसावे.

हे उंबरठे १९९१ साली अमेरिकेत ठरलेल्या वैद्यकीय निकषांशी जुळणारे आहेत. भारतीय शरीरात कमी वजनालाच चरबीचे दुष्परिणाम दिसू लागतात, हे ओळखून येथील तज्ज्ञांनी २००९ मध्ये शस्त्रक्रियेसाठी ३७.५, आणि सोबत व्याधी असल्यास ३२.५, असे आकडे सुचवले. १६० सेंटिमीटर उंचीच्या व्यक्तीचा ३२.५ बीएमआय ८३ किलोला होतो, तर ३५ साठी जवळपास ९० किलो लागतात. या सात किलोंच्या पट्ट्यात असलेल्या मधुमेही रुग्णाला सर्जन शस्त्रक्रिया सुचवतो आणि त्याची पॉलिसी मात्र ती नाकारू शकते.

'नियंत्रणात नसलेला' हा शब्द आम्हाला सर्वांत खटकतो. ज्याने वेळेवर गोळ्या घेतल्या, कडक भाकरी मोजून खाल्ली आणि तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) सात टक्क्यांच्या आत ठेवली, तो बीएमआय ३६ असूनही मधुमेहाच्या आधारावर या अटीत बसत नाही. ज्याने हेळसांड केली तो बसतो. त्यामुळेच डॉक्टरांनी या बाईंना झोपेची तपासणीही करून घ्यायला सांगितले. झोपेत तासाला ३० किंवा त्याहून अधिक वेळा श्वास अडखळत असेल तर स्लीप ॲप्निया तीव्र मानला जातो, आणि तो अहवाल हा स्वतंत्र पुरावा ठरतो.

साध्या उपायांच्या अपयशालाही पुरावा लागतो. सिद्धेश्वर तलावाकाठी दोन वर्षे पहाटे मारलेल्या फेऱ्यांची पावती कोणी देत नाही. आहारतज्ज्ञांचे तारखेसह कागद, दर भेटीत नोंदवलेले वजन आणि औषधांच्या चिठ्ठ्या असतील तरच ते प्रयत्न झाले असे कंपनी मानते.

प्रस्ताव अर्ज भरायला एजंट घरी आले. वजनाच्या रकान्यापाशी त्यांचे पेन थांबले.

"ताई, पंच्याऐंशी लिहू का? उगाच हप्ता वाढवून येईल."

"आहे तेच लिहा, काका."

८५ किलो लिहिले असते तर त्यांचा बीएमआय ३३.२ भरला असता, आणि पुढे दावा करताना त्यांना स्वतःच्याच सहीच्या कागदाविरुद्ध भांडावे लागले असते. मधुमेहही त्यांनी लिहिला. लपवलेला आजार उघड झाल्यास दावा नाकारता येतो. सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की लबाडी सिद्ध झाल्याखेरीज कंपनीला हा मुद्दा काढता येत नाही, पण शस्त्रक्रियेसाठी इतके थांबणार कोण? जाहीर केलेल्या आजाराचा प्रतीक्षा काळ एप्रिल २०२४ पासून जास्तीत जास्त ३६ महिने आहे. आज पॉलिसी घेऊन पुढच्या महिन्यात शस्त्रक्रिया, असा मार्ग वैयक्तिक विम्यात जवळजवळ नसतोच. म्हणून हप्ता किती, हा प्रश्न येथे दुसरा ठरतो. या आजारासाठी किती महिने थांबावे लागेल, हा पहिला.

पैशाचे सापळे निराळे आहेत. काही पॉलिसींत या शस्त्रक्रियेला विमा रकमेपेक्षा कमी अशी वेगळी मर्यादा असते. खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,००० रुपये असताना ८,००० ची खोली घेतली, तर केवळ भाड्यातील फरक कापला जात नाही. डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियागृहाचे शुल्कही पाच-अष्टमांशच मिळू शकते, म्हणजे दोन लाखांचे सव्वा लाख. शिवाय सोलापूरच्या पत्त्यावर कमी हप्त्यात घेतलेल्या काही पॉलिसींमध्ये महानगरातील रुग्णालयात गेल्यास बिलाचा ठरावीक हिस्सा स्वतः भरावा लागतो, आणि येथून या शस्त्रक्रियेसाठी पुण्याला किंवा हैदराबादला जाणारे पुष्कळ आहेत. वजन उतरल्यावर लोंबणारी त्वचा काढणे सौंदर्योपचारात मोडते, तर आयुष्यभर घ्यावी लागणारी जीवनसत्त्वे बाह्यरुग्ण खर्चात जातात; हे दोन्ही खर्च बहुधा स्वतःच्याच खिशातून करावे लागतात.

दावा नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात समाधान झाले नाही तर पुण्यातील विमा लोकपालांकडे विनाशुल्क जाता येते. सोलापूर त्यांच्याच कार्यक्षेत्रात येते.

बाईंची पॉलिसी आता हातात आली आहे. ती वाचून पटली नाही तर ३० दिवसांत परत करण्याचा अधिकार आहे, आणि पॉलिसीचे माहितीपत्रक मराठीत मागण्याचाही. स्वयंपाकघरातील टेबलावर ते पत्रक उघडे आहे, शेंगाचटणीच्या बरणीखाली दाबलेले. सहाव्या बाबीखाली पेन्सिलीने रेघ ओढली आहे. या शस्त्रक्रियेला वेगळी मर्यादा आहे का, आणि असल्यास किती, हा प्रश्न त्यांनी कंपनीला ईमेलने विचारला आहे, कारण एजंटांचे तोंडी "होय" दाव्याच्या वेळी कामाला येणार नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली पडते. आज अकरावा दिवस आहे आणि उत्तर आलेले नाही.