बाम, मेण आणि तेलाची डोण

नमस्कार श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात वाशीला आमच्या सोसायटीतले एक आजोबा गेले. मुलगा कॅनडात. तो येईपर्यंत थांबायचं ठरलं. हॉलमध्ये काचेच्या झाकणाची थंड पेटी आणली, तिची घरघर सुरू झाली. कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, "एम्बामिंग करून घ्यायचं का?" म्हणजे देह टिकावा म्हणून त्यात रसायन भरून घ्यायचं का. त्याच वेळी आतल्या खोलीत सून आजींच्या कपाळाला बाम चोळत होती. वेळ नको ती होती, पण माझ्या डोक्यात आलंच: एम्बामिंगमधला बाम तो हाच की!

ग्रीक 'बाल्सामॉन', लॅटिन 'बाल्सामुम'. झाडाला चीर दिली की पाझरतो तो सुगंधी चीक. फ्रेंचांमार्फत इंग्रजीत येता येता त्याचा 'बाम' झाला. तो प्रेताला माखायचा, म्हणून हे नाव. आता त्यात सुगंध कसला? रोहिणीतून फॉर्मालिनचं द्रावण शरीरात सोडतात आणि त्याचा वास डोळ्यांना झोंबतो.

'ममी'चं मूळही असंच लेपातलं. (आईला हाक मारतो ती 'मम्मी' वेगळी, ती तान्ह्या बाळाच्या तोंडची.) फारसीत 'मोम' म्हणजे मेण. त्यावरून 'मूमिया', म्हणजे खडकातून पाझरणारा डांबरासारखा औषधी पदार्थ. मध्य आशियात शिलाजिताला आजही 'मुमियो' म्हणतात. ठाण्यात जांभळी नाक्याला काष्ठौषधीच्या दुकानात शिलाजिताचा काळा, चिकट खडा हातात घेऊन बघा, म्हणजे पुढची गफलत लक्षात येईल. इजिप्तच्या प्रेतांवरची राळ काळी पडलेली; लोकांना वाटलं, हा मूमियाच. मग औषधाचं नाव प्रेताला चिकटलं. युरोपातले औषधविक्रेते तर कित्येक शतकं ममीची पूड औषध म्हणून विकत होते! खरं काम मात्र नेट्रॉन नावाच्या खारट क्षाराचं. त्यात प्रेत सुकवायचे. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने मुदत दिली आहे 70 दिवसांची.

आणि आपल्याकडे? आपण दहन करणारी माणसं, आपल्याला असा शब्द कशाला लागेल, असं मलाही वाटायचं. पण वाल्मीकींच्या अयोध्याकांडात शब्द आहे: तैलद्रोणी. दशरथ गेला तेव्हा राम-लक्ष्मण वनात, भरत-शत्रुघ्न आजोळी केकयात. मुलाशिवाय क्रियाकर्म कसं करायचं, म्हणून राजाचा देह तेलाने भरलेल्या द्रोणीत ठेवला. द्रोणी म्हणजे आपली डोण, गुरांना पाणी पाजतो तीच. भरताला निरोप गेला, आणि तो सात रात्री वाटेत काढून अयोध्येला पोचला.

आमच्याकडे एम्बामिंगची वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे सायन-पनवेल रस्त्याने टॅक्सी आली. मुलगा उतरला, बॅगेला विमानाची पट्टी तशीच. त्याने काचेवरून हात फिरवला. मग कुणीतरी पेटीचा प्लग काढला, आणि दोन दिवसांची घरघर थांबली.

नमस्कार.