वरण किती वाट्या?

पत्रिकेत विषय छापलाय, ‘मानवी पोषणशास्त्रात एमएस्सी कशासाठी?’ त्याकडे येतेच. आधी एक गाऱ्हाणं. ही पदवी घेतली की लग्नात सुखानं जेवता येत नाही. शेजारची बाई आधी आपल्या पानातल्या जिलब्या मोजते, मग विचारते, ‘भात सोडला तर गुडघे थांबतील का हो?’ हसताय, म्हणजे तुम्हालाही कुणीतरी गाठलेलं दिसतंय. आईवडिलांना वाटतं, पोरगी आता डाएट प्लॅन लिहून देणार. देईल की! पण तेवढ्यासाठी दोन वर्षं कशाला?

माझं म्हणणं असं की ती दोन वर्षं माणूस काल काय जेवला हे विचारायला शिकण्यात जावीत. आमच्याकडे याला ट्वेंटी-फोर अवर रिकॉल म्हणतात. ऐकायला अगदी सोपं वाटतं.

एकदा विद्यार्थिनींना घेऊन एका गावात गेले होते. एकीनं मापाच्या वाट्या मांडल्या नि घरातल्या सुनेला विचारलं, ‘काल दुपारी वरण किती?’ ‘दोन वाट्या.’ पोरीनं लगेच लिहिलं. मी म्हटलं, थांब जरा. ‘काल जेवायला कोण कोण होतं, ताई?’ सासरे, नवरा, दीर, पोरं. ‘तुम्ही कधी बसलात?’ ‘त्यांचं आटोपल्यावर.’ ‘तेव्हा पातेल्यात किती होतं?’ ती पदर तोंडाला लावून हसली. ‘निपटून घेतलं की.’ दोन वाट्या तिनं नवऱ्याला वाढल्या होत्या! मग पातेलं आणवलं, कुठवर वरण होतं ते बोटानं दाखवायला लावलं, तिथवर पाणी भरून मोजलं. २०० ग्रॅम तूरडाळीचं १२०० मिलिलिटर वरण, तिच्या वाट्याला जेमतेम १५०. म्हणजे कच्ची डाळ २५ ग्रॅम आणि तिच्यातून प्रथिनं साडेपाच ग्रॅमच्या आसपास. ५५ किलोच्या बाईला दिवसाला ४६ ग्रॅम लागतात. भाकरीतून मिळतात, पण ज्वारीत लायसिन, म्हणजे प्रथिनांतला एक गरजेचा घटक, कमी, ते डाळीनंच भरून निघायचं.

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींचं नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. १९३३ साली, बाई म्हणून, बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना आधी प्रवेशच नाकारला. मग अटी घालून घेतलं. पुढे त्या केंब्रिजहून डॉक्टरेट घेऊन आल्या, कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत काम केलं, नीरेवर संशोधन केलं. त्यांच्यावर खरं तर तासभर… चिठ्ठी आली. पाच मिनिटं.

तर मुख्य मुद्दा, पळत पळत. मघाचे ४६ ग्रॅम म्हणजे आरडीए, रोजच्या आहारासाठी शिफारस केलेलं प्रमाण. तो आकडा जवळजवळ सगळ्यांची गरज भागेल असा मुद्दाम चढा धरलेला असतो. त्याखाली दिसेल त्याला कुपोषित ठरवलं तर अर्धं गाव उगाच यादीत येईल. गटासाठी ईएआर, म्हणजे सरासरी गरज, वापरायची. प्रथिनांना ती किलोमागे ०.६६ ग्रॅम आहे, आरडीए ०.८३. आणि एका दिवसाच्या रिकॉलवरून एका माणसाबद्दल निकाल द्यायचाच नाही, कारण काल एकादशीही असू शकते!

पण हे सगळं गणित उभं राहतं त्या पातेल्यावर. तिथं दोन वाट्या लिहिल्या गेल्या की पुढचं सॉफ्टवेअर कितीही महागडं असो, त्या बाईची डाळ कागदावर दुप्पट. म्हणून प्रवेश घेताना प्लेसमेंटचं नंतर विचारा. आधी विचारा, सर्वेक्षणाला गावात किती दिवस नेता, आणि सोबत शिक्षक येतात का. नुसतं ‘प्रोजेक्ट असतो’ म्हणाले, तर दुसरं कॉलेज बघा.