बॅटरी मेली, उपग्रह जगला: एओ-७ ऐकताना

[गच्ची. पीव्हीसी पाइपवर बसवलेल्या पिवळ्या पट्ट्या.]

एओ-७ हा हौशी रेडिओचा जुना उपग्रह घरच्या अँटेनाने ऐकायचा आहे. ही पिवळी पट्टी म्हणजे सुताराच्या मेजरिंग टेपचा तुकडा. असे चार तुकडे आणि पाऊण मीटर पीव्हीसी पाइप, एवढ्यात १४५ मेगाहर्ट्झची अँटेना होते. मागचा तुकडा १०५ सेंटिमीटर, मधले दोन प्रत्येकी ४५, पुढचा ८९. मागच्यापासून मधल्यापर्यंत २० सेंटिमीटर अंतर, मधल्यापासून पुढच्यापर्यंत ३२. मधल्या दोन तुकड्यांमध्ये अडीच सेंटिमीटर फट ठेवायची आणि त्यांना यू आकारात वाकवलेल्या १२-१३ सेंटिमीटर तारेने जोडायचं. ही तार नसेल, तर ५० ओहमच्या केबलशी अँटेनाची नीट जुळणी होत नाही.

[कानस टेपवरून फिरते. कथिलाचा थेंब.]

टेपवरचा रंग पूर्ण खरवडून काढायचा. घरी केलेल्या अँटेना इथेच दगा देतात. रंगावर सोल्डर बसल्यासारखं दिसतं, पण बसलेलं नसतं, आणि ऐन वेळी केबल हलली की सगळं गप्प. केबलही आखूड हवी. आरजी-५८ केबल पंधरा मीटर ओढली, तर निम्मा सिग्नल वाटेतच जिरतो.

[जुनं छायाचित्र: आठ बाजूंचा उपग्रह, सौरपट्ट्यांनी मढवलेला.]

आता ऐकायचं कुणाला, ते पाहू. हा ऑस्कर-७, हॅम म्हणजे हौशी रेडिओचालकांचा एओ-७. जमिनीवरून कुणी हॅम बोलला की हा उपग्रह त्याचा आवाज दुसऱ्या वारंवारतेवर परत खाली पाठवतो. १५ नोव्हेंबर १९७४ रोजी अमेरिकेतल्या व्हँडेनबर्गहून एका हवामान उपग्रहाच्या सोबतीने तो वर गेला. वजन तीस किलोच्या आत. बांधला हौशी रेडिओचालकांनीच, अमेरिकेसोबत जर्मनी, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या. साडेसहा वर्षं चालला. १९८१ मध्ये त्याच्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या शॉर्ट झाल्या. सौरपट्ट्यांची सगळी वीज त्या शॉर्टमध्येच जाऊ लागली आणि उपग्रह बंद पडला.

२१ जून २००२ रोजी इंग्लंडमध्ये पॅट गोवेन या हॅमला १४५.९७ मेगाहर्ट्झच्या आसपास मोर्सची शिट्टी ऐकू आली. एकवीस वर्षांनी! कारण शोधलं तर ते अगदी सरळ होतं. शॉर्ट झालेली बॅटरी पुढे कधीतरी आतून तुटली, सर्किट उघडं झालं आणि पट्ट्यांची वीज थेट यंत्रणेला मिळू लागली. तेव्हापासून ऊन असेल तोवर एओ-७ बोलतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला की बंद, बाहेर आला की पुन्हा सुरू.

आपला भारतीय हॅम उपग्रह हॅमसॅट मात्र बॅटरीनेच गेला. ५ मे २००५ रोजी पीएसएलव्ही-सी६ ने तो सोडला होता, लिथियम-आयन बॅटरी निकामी झाली आणि २०१४ मध्ये त्याचं काम थांबलं.

[लॅपटॉपचा पडदा. निळ्या वॉटरफॉलवर तिरकी पिवळी रेघ.]

वॉटरफॉल म्हणजे कोणत्या वारंवारतेवर कधी सिग्नल आला ते दाखवणारं चित्र. त्यातली ही तिरकी रेघ बघा. उपग्रह क्षितिजावर येतो, तेव्हा त्याच्या वेगामुळे सिग्नल मूळ वारंवारतेपेक्षा जवळपास ३ किलोहर्ट्झ वर सापडतो. जाताना तेवढाच खाली. सुरुवातीला रेघ जवळजवळ उभी असते, डोक्यावर आला की मिनिटाला ८०० हर्ट्झच्या वेगाने घसरते. म्हणून एका हाताने अँटेना फिरवायची, दुसऱ्याने ट्यूनिंग सतत खाली आणायचं. मागे पडलात तर बोलणाऱ्याचा आवाज बदलतो, शब्द कळेनासे होतात. डोंगलचं, म्हणजे लॅपटॉपला लावायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरचं, सॉफ्टवेअर यूएसबी म्हणजे अपर साइडबँड या आवाजाच्या प्रकारावर ठेवायचं, रुंदी २.४ किलोहर्ट्झ. एफएमवर ठेवलं तर खरखरीशिवाय काही मिळत नाही.

एओ-७ दोन मोडमध्ये, म्हणजे वारंवारतांच्या दोन जोड्यांवर, चालतो. १४५.९२५ ते १४५.९७५ मेगाहर्ट्झ हा त्याचा मोड-बीचा खाली येणारा पट्टा, बीकन म्हणजे त्याचा स्वतःचा ओळख-सिग्नल त्याच्या किंचित वर. बीकन ‘एचआय’ म्हणतो, चार ठिपके आणि दोन ठिपके, आणि मग आकड्यांच्या ओळी. कधी कधी पट्ट्यात काहीच नसतं. अशा वेळी उपग्रह मोड-ए मध्ये असू शकतो, त्याचा आवाज २९.४ ते २९.५ मेगाहर्ट्झवर येतो. सावलीतून बाहेर पडताना तो कोणत्या मोडमध्ये उठेल याचा नेम नाही. सलग उन्हात असतो तेव्हा चोवीस तासांनी मोड बदलतो.

[हात चार्जर काढतो. वॉटरफॉलवरच्या आडव्या पट्ट्या नाहीशा होतात.]

हा फरक फक्त चार्जर काढल्याचा. एलईडी दिवे आणि सोलर इन्व्हर्टरही असाच गोंगाट करतात. शहरात एफएम केंद्रांचा जोर असेल, तर डोंगलच्या आधी ८८ ते १०८ मेगाहर्ट्झ अडवणारा फिल्टर लावावा. लॅपटॉपचं घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर हवं, उपग्रह कधी, कुठून येणार ते कळायला कक्षेची माहिती ताजी हवी; उपग्रहांच्या यादीत एओ-७ चा क्रमांक ०७५३०. आणि आवाज बुडाला की अँटेना तिच्याच अक्षाभोवती पाव फेरा वळवून बघायची.

मोड-बी मध्ये वर बोलायची वारंवारता ४३२.१२५ ते ४३२.१७५. भारतीय परवान्यात हा पट्टा ४३४ पासून सुरू होतो, म्हणून इथून मोड-बी फक्त ऐकायचा. पण ऐकण्याचा पल्ला मोठा आहे. सुमारे १४५० किलोमीटर उंचीवरून तो चारही दिशांना ३९०० किलोमीटरपर्यंत दिसतो. त्या वर्तुळातला कुणीही तुमच्या गच्चीवर ऐकू येऊ शकतो.

कुणी वर जास्त वॅट पाठवले, तर वीज अपुरी पडते, सगळ्यांचेच आवाज डगमगतात, क्वचित मोडही बदलतो.

[अँटेना उत्तरेकडे झुकते.]

एका फेरीत तो आपल्या आकाशात वीस मिनिटांच्या आसपास असतो. पुढची फेरी ११५ मिनिटांनी. तोवर पृथ्वी २९ अंश फिरलेली असते, म्हणून त्या वेळी अँटेना आधीच्या वाटेच्या पश्चिमेला रोखायची.