ठसका लागलाय? खोकू द्या

नमस्कार श्रोतेहो. दोन बोटं गळ्याच्या मधोमध हलकेच टेकवा आणि एक आवंढा गिळा. बोटांखाली काहीतरी टुणकन वर जाऊन खाली आलं ना? ते स्वरयंत्र. गिळताना ते वर-पुढे सरकून जिभेच्या मुळाखाली दडतं, स्वरतंतू घट्ट मिटतात, वरून कुर्चेची झडप झुकते आणि श्वास थांबतो. हो, श्वास थांबतो, जेमतेम एक सेकंद! तेवढ्यात घास अन्ननलिकेकडे जातो. तोंडात घास घेऊन बोललं-हसलं की हा मेळ चुकतो. लग्नातल्या बुफेत तर उभ्याने खायचं, गप्पाही मारायच्या आणि वरून डीजे! पंगत काय वाईट होती, सांगा.

ठसका लागला की आपण ‘वर बघ, वर बघ’ म्हणत पाणी पुढे करतो. नको. पुढे वाकून खोकू द्या. खोकतोय म्हणजे हवा आत-बाहेर जातेय. खोकणाऱ्याला खोकू द्या. घाबरायचं ते आवाजच बंद झाला तर.

यावरून अमेरिकेतल्या सिनसिनाटीचा किस्सा सांगतो, मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. छातीचे सर्जन डॉ. हेन्री हाइमलिक यांनी 1974 मध्ये एक युक्ती मांडली. घुसमटलेल्याच्या मागे उभं राहायचं, बेंबीच्या जरा वर मूठ ठेवायची, दुसऱ्या हाताने ती धरायची आणि आत-वर असा झटका द्यायचा. फुप्फुसातली उरलेली हवाच घास बाहेर ढकलते. युक्ती जगभर गेली, डॉक्टर म्हातारे झाले, ज्येष्ठांच्या निवासात राहायला गेले. मे 2016. वय वर्षं 96. जेवणाच्या टेबलावर शेजारी 87 वर्षांच्या बाई, पुढ्यात हॅम्बर्गर. घास अडकला, चेहऱ्याचा रंग पालटला. मदतीला कर्मचारी धावला, पण बघतो तर आजोबा आधीच बाईंच्या मागे उभे! मग मध्ये कोण पडणार? ज्याच्या नावाची युक्ती, तोच ती करतोय! मांसाचा तुकडा बाहेर आला, बाई श्वास घेऊ लागल्या. त्याच डिसेंबरात डॉक्टर गेले.

एक मात्र लक्षात ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाचं पोट असं दाबायचं नाही. त्याला हातावर पालथं, डोकं खाली धरून पाठीवर थापट्या, मग उताणं करून छातीवर दाब. आणि कुणाचंही पोट असं दाबलं असेल, तर घास निघाला तरी डॉक्टरांना दाखवा. नमस्कार.