दाबून ठेवलेलं पान

(पुणे. तांबट आळी, कसबा पेठ. हातोड्यांचा आवाज. पहिली वीस सेकंदं निवेदन नाही.)

तांब्याचा पत्रा आणि त्यावर पडणारा हातोडा. पेशवाईपासून हा आवाज या आळीत आहे. आज त्या आवाजाभोवती आठवीची मुलं उभी आहेत, गणवेशात, हातात वही घेऊन. बाईंनी त्यांना एकच प्रश्न देऊन इथे आणलंय. हातोडा मारला की खडू फुटतो, कोळसा फुटतो. मग तांबं का पसरतं?

ठोकणारे तांबटकाका काम थांबवत नाहीत. ठोकता ठोकताच बोलतात. ठोके बसत गेले की पत्रा कडक होतो, हट्टी होतो; मग त्याला भट्टीत तापवून पुन्हा मऊ करायचं आणि पुन्हा ठोकायला घ्यायचं. घागरीच्या अंगावर जे छोटे छोटे चकाकणारे खळगे दिसतात, त्याला मठारकाम म्हणतात. एक मुलगा त्या खळग्यांवरून बोट फिरवतो. काका त्याच्या हातात हातोडा देतात.

(मुलाचा पहिला ठोका. दुसरा. तिसरा.)

बाई तिथेच, आळीत उभ्या राहून सांगतात, की पत्र्यात अणूंचे थर आहेत. ठोका बसला की थर एकमेकांवरून सरकतात, पण साथ सोडत नाहीत. किती अणू? एकाला एक चिकटवून रांगेत लावले, तर फक्त एका मिलिमीटरमध्ये सुमारे ३९ लाख. मुलं पट्टी काढून मिलिमीटर बघतात.

(कल्हईची भट्टी. पांढरा धूर.)

हा धूर नवसागराचा. तापलेल्या भांड्यावर तो फिरवला की वरची मळी, म्हणजे धातूवर बसलेलं ऑक्साइड, निघून जातं. मग कथील. कांडी टेकवली की लगेच पाणी होतं, आणि कापसाच्या बोळ्याने ते क्षणात भांडंभर पसरतं. कथील २३२ अंशांना वितळतं, तांबं १०८५ अंशांना. म्हणून कथील वितळतं आणि भांडं तसंच राहतं. वर्गात हे दोन आकडे फळ्यावर लिहिले असते, तर दोन आकडेच राहिले असते.

(शाळा. लाकडी जिना. वर्गाचं दार.)

पेठेतली मराठी माध्यमाची शाळा. प्रयोगशाळेच्या नावाने एक कपाट आहे आणि त्याला कुलूप आहे. ज्या शहरात १९५० पासून राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उभी आहे, त्या शहरात आठवीच्या मुलाच्या हातात परीक्षानळी येत नाही, हे आम्हाला सांगावंच लागेल. बाईंनी कुलपाची वाट पाहिली नाही. त्यांनी कात्री, कागद, पत्ते आणि रिकाम्या काडेपेट्या घेतल्या.

(कागदाच्या पट्ट्या. कात्र्या.)

२८ सेंटिमीटरची पट्टी. मधोमध कापायची. अर्धी बाजूला ठेवायची, उरलेली अर्धी पुन्हा मधोमध कापायची. पाचव्या कापापर्यंत वर्गात गोंधळ आहे. सातव्याला बोलणं कमी होतं. नवव्याला माना खाली, डोळे बारीक. दहाव्या कापाला तुकडा साधारण पाव मिलिमीटरचा उरतो आणि बहुतेकांची कात्री थांबते. एक मुलगी नखावर तुकडा ठेवून अकरावा काप मारते.

बाई फळ्यावर ३० लिहितात. तीस वेळा कापता आलं असतं, तर आपण अणूच्या मापापर्यंत पोहोचलो असतो. दहा तर झालेच.

"म्हणजे अजून फक्त वीस?" मागच्या बाकावरून आवाज येतो.

फक्त वीस. पण त्या वीस कापांसाठी कात्री नाही. असं कापत कापत जाऊन अणू कुणी पाहिलेला नाही. आपल्याकडे कणादाने परमाणूचा विचार मांडला, पण तो तत्त्वज्ञानाचा विचार होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जॉन डाल्टन अणूपर्यंत पोहोचला तो तराजूच्या वाटेने. पाणी कुठलंही घ्या, मुठेचं घ्या की पावसाचं. शुद्ध केलं की त्यात एक भाग हायड्रोजनला आठ भाग ऑक्सिजन, वजनाने, नेहमी. हे प्रमाण ढळत नाही, याचा अर्थ पदार्थ सुट्ट्या, ठरलेल्या कणांनी जोडले जात असणार.

इथे एक अडचण भाषेची आहे. या वर्गातल्या काही मुलांच्या घरी हिंदी बोलतात. हिंदीत ज्याला परमाणु म्हणतात तो आपला अणू, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. मोबाइलवर हिंदी व्हिडिओ पाहून आलेला मुलगा वर्गात बरोबर उत्तर देतो आणि ते चूक ठरतं. बाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून ठेवलेत आणि वर्षभर ते पुसू दिलेले नाहीत.

(पटांगण. गच्चीवरून घेतलेलं दृश्य.)

पटांगणाच्या मधोमध, रुमालावर, मोहरीचा एक दाणा. दोन मिलिमीटरचा. हे तांब्याच्या अणूचं केंद्रक, म्हणजे मधला गाभा, मानलं, तर अख्ख्या अणूचा व्यास सुमारे ५० मीटर होतो. पटांगण पुरत नाही. मुलं फाटकाबाहेर जातात, रस्त्याच्या कडेला उभी राहतात, तिथून हात वर करतात. मधलं सगळं मोकळं. अणूचं जवळजवळ सगळं वस्तुमान त्या दाण्यात आहे. विज्ञान प्रदर्शनात थर्माकोलचा भलामोठा गोळा आणि त्याला चिकटून तारेची कडी, असा जो अणू दरवर्षी मांडला जातो, तो पाहिलेल्या मुलाला हे रिकामपण कसं कळणार?

(वर्ग. बाकं भिंतीला लावलेली. जमिनीवर पत्ते.)

आता पत्ते.

बाईंनी जुन्या पत्रिकांच्या पुठ्ठ्यातून ते कापलेत. प्रत्येक पानावर मूलद्रव्याचं नाव, अणुवस्तुमान, ते स्थायू आहे की वायू, त्याची एखादी खूण, आणि हात किती. हात म्हणजे संयुजा, तो अणू हायड्रोजनचे किती अणू धरू शकतो ते. लिथियम : वस्तुमान ७, एक हात. बेरिलियम : ९, दोन हात. बोरॉन : ११, तीन. कार्बन : १२, चार. मग उतरण लागते. नायट्रोजन १४, तीन हात. ऑक्सिजन १६, दोन. फ्लोरीन १९, एक.

सूचना एवढीच : बदाम सात खेळता ना? तसं लावा. वस्तुमान चढत जाऊ द्या. आणि एकासारखं एक दिसलं की नवी ओळ सुरू करा, वरच्याच्या खाली.

पुढचं पान सोडियम, २३, एक हात, रॉकेलमध्ये ठेवावा लागणारा मऊ धातू. लिथियमसारखाच. मुलं त्याला लिथियमखाली ठेवतात. मॅग्नेशियम, २४, दोन हात, बेरिलियमखाली. ॲल्युमिनियम, २७, तीन हात, बोरॉनखाली. हात भराभर चालतात.

मग फॉस्फरस येतो. ३१. तो कार्बनखाली जातो. पण कार्बनला चार हात, याला तीन. गंधक नायट्रोजनखाली, तीन आणि दोन. क्लोरीन ऑक्सिजनखाली, दोन आणि एक. शेवटी पोटॅशियम फ्लोरीनखाली येतं. दोघांनाही एकच हात! एक गट टाळ्या वाजवतो. जमलं.

(जवळून : दोन वेण्यांची मुलगी. ती टाळ्या वाजवत नाही.)

ती फ्लोरीनचं पान उचलते. विषारी वायू. पोटॅशियमचं उचलते. मऊ धातू, रॉकेलमध्ये ठेवतात. दोन्ही पानं शेजारी धरते. मग काही न बोलता फॉस्फरस, गंधक, क्लोरीन एकेक घर पुढे सरकवते, आणि पोटॅशियम उचलून खालच्या नव्या ओळीत, सोडियमच्या खाली नेऊन ठेवते. कॅल्शियम आपोआप मॅग्नेशियमखाली येतं.

सगळं जुळतं. फक्त कार्बनच्या खाली फरशी दिसते.

"बाई, इथलं पान कुणीतरी दाबून ठेवलंय."

(सात सेकंदं निवेदन नाही. बाईंचा चेहरा.)

बदाम सात खेळलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. नश्शी हातात घेऊन बसायचं आणि अठ्ठी कुणाकडे अडलीय ते शोधायचं. पान समोर नसतं, पण ते कोणतं आहे हे नक्की ठाऊक असतं.

"मग सांगा बरं, ते पान कसं असेल?"

चार हात. स्थायू. वस्तुमान? २७ आणि ३१ च्या मधलं. २९, असं वर्ग ठरवतो. बाई पर्स उघडतात आणि सकाळपासून दाबून ठेवलेलं पान काढतात. सिलिकॉन. चार हात. स्थायू. २८.

१८६९ मध्ये रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्हने हेच केलं. तेव्हा ६३ मूलद्रव्यं माहीत होती. ती वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने लावताना, जिथे स्वभाव जुळेना, तिथे त्याने ओढून ताणून पान बसवलं नाही. घर रिकामं ठेवलं. आणि पुढे त्या घरातल्या न सापडलेल्या मूलद्रव्याचं वस्तुमान, घनता, रंग, सगळं लिहून ठेवलं. त्यांना नावं दिली ती एक-बोरॉन, एक-ॲल्युमिनियम, एक-सिलिकॉन. हा "एक" आपला, संस्कृतातला. ॲल्युमिनियमनंतर एक घर, म्हणून एक-ॲल्युमिनियम. रशियातल्या माणसाच्या तक्त्यात आपला आकडा आहे, हे कळल्यावर वर्गात जे होतं ते पाहाच.

(वर्गातला गलका.)

१८७५ मध्ये फ्रान्समध्ये एक-ॲल्युमिनियम सापडलं. गॅलियम. शोधणाऱ्याने त्याची घनता ४.७ मोजली. मेंडेलीव्हने कळवलं, ती ५.९ च्या आसपास असायला हवी. ज्याने तो धातू कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, तो प्रत्यक्ष हातात धरलेल्याला सांगत होता की पुन्हा मोजा. धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजली, तेव्हा ५.९ आली. हा धातू तीस अंशांच्या आतच वितळतो. पुण्यातल्या एप्रिलच्या दुपारी टेबलावर नुसता ठेवला तरी पाणी होईल. १८७९ मध्ये एक-बोरॉन, म्हणजे स्कँडियम. १८८६ मध्ये एक-सिलिकॉन, म्हणजे जर्मेनियम. त्याचं वस्तुमान मेंडेलीव्हने ७२ सांगितलं होतं. निघालं ७२.६.

ही गोष्ट मुलांना कधी भेटते? सातवीत मूलद्रव्य, संयुग, मिश्रण. आठवीत अणूचं अंतरंग. आणि आवर्ती वर्गीकरण, म्हणजे मूलद्रव्यांचा हा तक्ता, थेट दहावीत, बोर्डाच्या घाईत. तोवर संज्ञा तोंडपाठ झालेल्या असतात आणि कुतूहल संपलेलं असतं. सोडियमची संज्ञा एन-ए का, तर नॅट्रियमवरून. लोखंडाची एफ-ई, फेरमवरून. तांब्याची सी-यू, क्युप्रमवरून. एवढंही न सांगता पाठांतर घेतलं जातं. पत्ते आठवीतच हातात का देऊ नयेत?

(वर्गाची मागची भिंत. काडेपेट्या.)

११८ काडेपेट्या. आवर्तसारणीच्या आकारात चिकटवलेल्या. शेवटच्या ओळीतल्या चार घरांची नावं २०१६ मध्ये ठरली, तीही इथे आहेत. पेटीत मुलांनी आणलेलं मूलद्रव्य ठेवायचं. नियम एकच, आणि तो मुलांनीच कडक केलाय : संयुग, म्हणजे मूलद्रव्यं जोडून झालेला पदार्थ, चालणार नाही.

तांबट आळीतली तांब्याची कातरण लगेच बसली. कथिलाचा थेंब. पेन्सिलीच्या शिशात माती मिसळलेली असते, म्हणून जुन्या सेलमधली कार्बनची कांडी. त्याच सेलचं जस्ताचं आवरण. तुटक्या पैंजणाचा चांदीचा घुंगरू. जुन्या बल्बमधली टंगस्टनची तार. बोहरी आळीतून आणलेला टेस्टर. त्याच्या छोट्या दिव्यात निऑन आहे. तो हातात घेऊन बाई सांगतात, की निऑनचा हा अख्खा स्तंभ १८६९ च्या तक्त्यात नव्हता. त्यातला हेलियम आधी सूर्यात दिसला. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात, आंध्रातल्या गुंटूरहून, त्याची पिवळी रेघ टिपली गेली. पृथ्वीवर तो हाती लागायला १८९५ उजाडलं.

एका मुलाने देवघरातली जुनी पितळी घंटा आणली होती. तो तक्त्यात पितळ शोधत राहिला. वरून खाली, डावीकडून उजवीकडे. पितळेचं घर नाही. तांबं आणि जस्त मिळून पितळ होतं. त्याने घंटा दप्तरात परत ठेवली. एकीने नदीकाठची वाळू आणली. तीही परत गेली, कारण वाळूत सिलिकॉनचा हात ऑक्सिजनच्या हातात आहे. दुसऱ्या दिवशी ती बंद पडलेल्या कॅलक्युलेटरची सौरपट्टी घेऊन आली. सिलिकॉन बसलं.

चाचणीत संज्ञांच्या प्रश्नाला कुणी अडलं नाही. जवळच्या एका शाळेने पत्त्यांचा संच मागून नेला आहे.

(संध्याकाळ. वर्गात तीन मुलं उरलीत.)

नायट्रोजनची पेटी. एक मुलगा ती उघडतो, बंद करतो, कानाशी हलवतो.

"ही रिकामी आहे."

"रिकामी कशी? आत हवा आहे. हवेत अठ्ठ्याहत्तर टक्के नायट्रोजन."

"मग ऑक्सिजनच्या पेटीत पण तीच हवा. अर्गॉनच्या पण."

"हवा मिश्रण आहे. आपण संयुग नाही म्हटलं होतं, मिश्रण नाही असं कुठे म्हटलं होतं?"

तिघं बाईंकडे बघतात. बाई फळा पुसत आहेत. कोपऱ्यातले दोन शब्द सोडून.

(पेटी पुन्हा उघडते. आतला पांढरा पुठ्ठा. दृश्य इथे थांबतं.)